दोन मीटर एकसष्ट

शिशाची काच पिवळी, मीटरभर जाड.
पलीकडचा उजेड मधातून गाळल्यासारखा,
आणि त्या उजेडात आडवी एक नळी,
करंगळीएवढी, चार मीटर लांब,
पाच वर्षं अणुभट्टीत उभी राहून आलेली.

गुनवर या बाजूला. तिचे हात या बाजूला.
त्या बाजूला तिचे दुसरे हात,
पोलादी, दोन-दोन बोटांचे.
ती हलली की किंचित उशिरा हलतात,
आधी ऐकून घेऊन मग केल्यासारखे.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात.
इथे कांकण कधी हाती येतच नाही,
एकतीस वर्षं नुसता आरसा.

सिझियमची मोजणी काल झाली.
दर सेंटिमीटरला एक बारीक खळगा,
गोळीवर गोळी टेकते त्या जागेचा;
झाकण न उघडता डब्यातली चवड मोजावी तसा.
आज भोवरा-प्रवाहाचं वेटोळं.
नळी त्यातून सरकते, सावकाश,
आणि पडद्यावर रेघ चालते
गोठलेल्या खाडीसारखी, सपाट, सपाट,

दोन मीटर एकसष्टवर दचकते.

"भेग," तूरे म्हणाला.
लुलेओहून आलेला नवा पोरगा, कानात सोन्याची बाळी.
"कापून बघू या."

शितावरून भाताची परीक्षा होते खरी,
पण दाबलेलं ते शीत
पुन्हा कुणाच्या ताटात जात नाही.
गुनवर म्हणाली, "पुन्हा."
निम्म्या वेगानं. मग उलट दिशेनं.
मग नळी चाळीस अंशांनी फिरवून.
रेघ तिथेच दचकते, तेवढीच.
यंत्राचा भास नव्हे, काहीतरी आहे.

तेव्हा तिनं आत टांगलेली जुनी नळी लावली.
हिच्या पोटात इंधन कधी नव्हतंच.
हिला जखमा तेवढ्या मुद्दाम केलेल्या, मोजूनमापून:
एक आरपार भोक,
एक अर्ध्या जाडीची खाच,
आणि एक ओरखडा, केसाएवढा,
ज्याच्यासाठी हालवारनं
त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात तीन दिवस
श्वास रोखून कानस चालवली होती.
चाळीस वर्षं बाकीच्या नळ्या
हिच्या जखमांवरून ओळखल्या जातात.

हालवारच्या ओरखड्याहून निम्मा.
"आधाराच्या जाळीची स्प्रिंग," गुनवर म्हणाली.
"पाणी वाहतं, नळी थरथरते,
पाच वर्षं थरथरते. घासणारच."
अहवालात तिनं लिहिलं:
घासल्याची खूण. भेग नाही. कापू नये.
मग शेवटचं खोडलं आणि लिहिलं,
एवढ्यात कापू नये.

रविवारी खाडीवर ऊन होतं, उणे नऊ.
बर्फ कुणी कापून बघत नाही इथे,
वाजवून घेतात, मडकं घ्यावं तसा.
जाड बर्फ स्केटखाली खर्जात घुमतो.
पातळ बर्फ गातो,
वरच्या पट्टीत, शीळ घातल्यासारखा,
ऐकत राहावं असं.
आणि नेमका तोच स्वर
हालवारच्या कानांतून गेला, दोन वर्षं झाली.
डॉक्टरनं आलेख दाखवला:
रेघ सपाट, सपाट, मग उजवीकडे
दरड कोसळावी तशी खाली.
गुनवरनं तो कागद बराच वेळ धरून ठेवला.
"पुन्हा," ती म्हणाली.
त्यानं पुन्हा मोजलं. तेच निघालं.

आता ती पुढे, तो दहा मीटर मागे,
दोघांच्या कमरेला एकच दोरी, सैल.
नवऱ्यानं बायकोमागून चालावं याचं
त्याला अजून थोडं हसू येतं.

बेटाच्या टोकाला तिनं हात वर केला,
लोकरी हातमोज्यातला, स्वतःचा.
तो थांबला.
"काय म्हणतोय?"
ती लगेच बोलली नाही.
एक पाय जरासा पुढे सरकवला,
मान कलती करून ऐकलं,
पाय मागे घेतला.

"इथे सहा सेंटिमीटर आहे," ती म्हणाली,
"पुढचं मला आवडत नाही.
थर्मास काढ. कॉफी इथेच पिऊ."